परतायला किती दिवस लागले?

आमच्या घरातला वजनकाटा मधले काही महिने दिवाणाखाली पडून होता, एका जुन्या चादरीत गुंडाळलेला. केर काढताना झाडू त्याला लागला की ठक् असा आवाज यायचा. आम्ही दोघंही तो ऐकलाच नाही असं दाखवायचो.

या लेखात ‘आम्ही’ म्हणजे नवरा-बायको. लिहिणारी सोलापुरातल्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, आणि दुसऱ्यांचं चादरी-टॉवेलचं छोटंसं दुकान आहे. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. वजन कमी केलं ते दोघांनी मिळून आणि परत वाढवलं तेही दोघांनी मिळून. म्हणून माझं-तुझं न करता ‘आम्ही’च लिहितो. वजन कसं घटवलं हे सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. घटवलेलं वजन परत आल्यावर माणसानं तोंड कुठं लपवावं, हे मात्र कुणी सांगत नाही. आम्ही लपवून पाहिलं. त्याची काय किंमत पडली ते सांगावं, म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात 2023 च्या जुलैत झाली. दुकानदारांच्या तळपायांची रात्री आग व्हायची. पंखा पायांकडे फिरवून झोपायचे. शेवटी रक्त तपासलं. मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी नावाची चाचणी असते. ती 6.5 किंवा त्याहून जास्त आली की मधुमेह समजतात, 5.7 ते 6.4 म्हणजे माणूस उंबरठ्यावर उभा आहे. दुकानदारांची आली 8.1. डॉक्टरांनी सोबत आलेल्या मास्तरणीकडे पाहिलं आणि म्हणाले, “एकाच घरात जेवता ना? मग तुमचीही करून टाका.” ती आली 6.2. काट्यावर उभं केलं तेव्हा वजनं निघाली 94 आणि 82.

आमच्या घरात ‘शुगर’ हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. अब्बांना ती वीस वर्षं होती. आधी पायाचं एक बोट गेलं, मग पाऊल, मग दोन वर्षं ते खाटेवर होते. त्या दोन वर्षांत अम्मींनी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांची मलमपट्टी केली. डेटॉलचा वास आला की आजही अम्मी खोलीबाहेर जातात. त्यामुळे 8.1 हा आकडा घरी आला तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर बंद झाली.

पहिले आठ महिने आम्ही फार चांगले वागलो. फजरची नमाज झाली की दोघं सिद्धेश्वर तलावाकडे निघायचो, किल्ल्याच्या बाजूनं चालत जायचो आणि पाऊण तासानं घरी. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, भात निम्मा, रात्रीचं जेवण आठच्या आत. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर. 2024 चा फेब्रुवारी उजाडला तेव्हा दुकानदार 94 चे 83 झाले होते आणि मास्तरीण 82 ची 73. चाचण्याही उतरल्या, 6.7 आणि 5.8.

आणि मग कौतुक सुरू झालं. शाळेत मधल्या सुट्टीत बाया विचारायच्या, “मॅडम, काय खाता हो?” भाचीनं तिच्या मामूंचा फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरवला. पालक-सभेत मुख्याध्यापकांनी मास्तरणीला मुलांच्या डब्याविषयी बोलायला उभं केलं. सगळे सलवार-कमीज आत मारून घेतले, दुकानदारांनी पँटी शिवून घेतल्या. मोठ्या कपड्यांची एक गाठोडी बांधून आम्ही वाटून टाकली. आता ते लागणारच नाहीत असं वाटलं होतं. इथेच आमची पहिली चूक झाली. आम्हाला वाटलं, काम संपलं. दुकानदारांनी तर आणखी एक केलं. साखर चांगली आली म्हणून, डॉक्टरांना न विचारता, दोन गोळ्यांतली एक स्वतःच बंद केली.

12 मार्चपासून रोजे सुरू झाले. रमजानमध्ये वजन कमी होतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या घरची इफ्तारी पाहावी. संध्याकाळी दुकान आवरून विजापूर वेशीतून येणारा माणूस रिकाम्या हातानं येतो का? समोसे, भजी, फळं, सरबत, वर मोहल्ल्यातून आलेल्या तीन-चार ताटल्या. परत पाठवायच्या ताटलीत काही तरी घालायला हवं म्हणून आमच्या घरात तळण. सहरीनंतर डोळा लागायचा, म्हणून सकाळचं चालणं बंद. ईद झाली, तर शिरखुर्म्याचे चार दिवस. त्यानंतर निवडणुकीचं प्रशिक्षण; 7 मेला आमच्याकडे मतदान होतं आणि मास्तरणीची ड्यूटी लागली होती. मेच्या शेवटी त्याच भाचीचं लग्न. हळद, निकाह, वलीमा, मग पाहुणे आणि पाहुण्यांच्या निमित्तानं पुन्हा बिर्याणी.

हे सगळं तरी सावरलं असतं. पण जूनमध्ये अम्मी न्हाणीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, अकरा रात्री दवाखान्यात. आम्ही पाळीपाळीनं तिथं झोपलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्री दोन वाजता भाकरी आणि डाळ मिळत नाही. चहा मिळतो, बिस्किटं मिळतात, खालच्या गाडीवर वडापाव मिळतो. अम्मी घरी आल्यावर त्यांचं सगळं करायचं, शाळा नुकतीच सुरू झालेली, दुकान अर्धा दिवस बंद. त्या दिवसांत कुणी आम्हाला ‘चालायला जाता का?’ असं विचारलं असतं तर आम्ही भांडलो असतो.

जुलैमध्ये एकदा मास्तरीण काट्यावर उभी राहिली. 78. ती खाली उतरली, काटा उचलला, चादरीत गुंडाळला आणि दिवाणाखाली सरकवला. दुकानदारांनी ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. त्या एका गोष्टीवर आमचं न बोलता एकमत झालं.

वजन वाढलं म्हणून आमचं जेवढं नुकसान झालं, त्याहून जास्त लाजेमुळे झालं, हे आज कळतं. मास्तरीण पालकांच्या घोळक्यातून जाताना ओढणी पोटावर नीट पसरायला लागली. ज्या बाया पाककृती विचारायच्या, त्यांच्याबरोबर डबा खाणं टाळलं. दुकानदारांची तीन महिन्यांची तपासणी चुकली. “थोडं उतरू दे, मग दाखवू. असं कसं जायचं?” असं ते म्हणायचे आणि मास्तरणीलाही ते बरोबर वाटायचं. गृहपाठ झाला नाही म्हणून शाळेलाच न येणारी मुलं दर वर्षी वर्गात असतात. त्यांच्या घरी जाऊन, “अरे, गृहपाठ झाला नसेल तर उलट आधी शाळेत यायला हवं,” असं सांगणारी मास्तरीण स्वतःच्या घरात तेच करत होती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दुकानदारांना नवी चप्पल चावली. अंगठ्याच्या बाजूला फोड आला, फुटला. दुखत नव्हता, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. तीन आठवडे झाले तरी जखम ओलीच. एका संध्याकाळी ते अम्मींना वॉकर धरून चालवत होते. अम्मींची नजर खाली होती, पाऊल नीट पडावं म्हणून. त्या थांबल्या.

“पाँव दिखा.”

“कुछ नै अम्मी, चप्पल लगी थी.”

“दिखा बोली ना मैं.”

त्यांनी खुर्चीत बसून मुलाचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. बराच वेळ पाहत राहिल्या. आमच्यापैकी कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “दुखता नै ना? उनकू बी नै दुखता था. अगले हफ्ते जातौं, अगले हफ्ते जातौं, येच बोलते थे.”

रात्री आम्ही जेवलो नाही. सकाळी पहिल्या नंबरला डॉक्टरांकडे होतो.

साखर आली 8.4, पहिल्या दिवसापेक्षाही जास्त. वजन 90. मास्तरीण 80, चाचणी 6.1. दोघांच्या अंगावर सात-सात किलो परत आले होते. तळपायांच्या नसा मंदावल्या की जखम दुखत नाही आणि दुखत नाही म्हणूनच ती वाढते, हे डॉक्टरांनी समजावलं. गोळी कधी बंद केली, का बंद केली, हे विचारलं. आम्ही मान खाली घालून बसलो होतो, वर्गात मुलं बसतात तसे. डॉक्टर रागावले नाहीत. जुनी फाइल काढून म्हणाले, “94 चे 90 आहात. चार किलो अजून गेलेलेच आहेत. त्यांचा हिशेब कुणी केला?”

ती जखम पाच आठवड्यांनी भरली. रोज सकाळी ड्रेसिंग करून आणायचो. अलहम्दुलिल्लाह, बोट वाचलं. त्या पाच आठवड्यांत चालायची बंदी होती, म्हणून बसून विचार करायला वेळ मिळाला. थोडं वाचलं, थोडं डॉक्टरांना विचारलं. त्यातल्या दोन गोष्टींनी आमच्या मनावरचं ओझं उतरवलं.

एक म्हणजे, वजन परत येणं हा नुसता आळशीपणा नसतो. घटलेलं वजन शरीराला उपासमार वाटते आणि ते हरवलेलं परत मिळवायला बघतं. मेलबर्नच्या संशोधकांनी 50 माणसांचं वजन दहा आठवड्यांत कमी करवलं आणि वर्षभरानं त्यांची पुन्हा तपासणी केली. भूक वाढवणारे आणि पोट भरल्याचं सांगणारे जे स्राव रक्तात असतात, त्यांची घडी वर्षानंतरही पूर्वीसारखी बसली नव्हती. माणसं अजून जास्त भुकेली होती. 2011 मध्ये हा अभ्यास छापून आला. म्हणजे फेब्रुवारीत ‘काम संपलं’ असं आम्ही म्हणत होतो, तेव्हा शरीराच्या हिशेबानं ते नुकतंच सुरू झालं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. अमेरिकेत मधुमेह टाळण्यासाठी एक मोठा अभ्यास झाला. साखर उंबरठ्यावर असलेली तीन हजारांहून जास्त माणसं त्यात होती. एका गटाला दोनच उद्दिष्टं दिली: वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा. 2002 मध्ये निष्कर्ष आले. नुसत्या नावाची, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी होतं. पुढच्या वर्षांत यातल्या लोकांचंही बरंचसं वजन परत आलं, अगदी आमच्यासारखंच. तरीही सुरुवातीपासून दहा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा त्यांच्यातलं मधुमेहाचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमीच भरलं. वजन परत आलं म्हणून केलेले कष्ट पुसले गेले नव्हते. हे वाचलं त्या रात्री काटा दिवाणाखालून बाहेर आला.

सहामाहीत 70 गुण मिळवणारं मूल वार्षिक परीक्षेत 52 वर आलं, तर शिक्षक काय करतो? त्याची वही फाडत नाही. उत्तरपत्रिका काढतो आणि गुण कुठं गेले ते बघतो. आम्ही एका रविवारी मार्च ते सप्टेंबरची उत्तरपत्रिका तपासायला बसलो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानानं 7,700 कॅलरी. सात किलोंच्या झाल्या 53,900. सहा महिन्यांचे 180 दिवस. भागाकार केला, उत्तर आलं दिवसाला साधारण 300. आम्ही पुन्हा भागाकार केला. तेवढंच. एक समोसा आणि एक गोड चहा. आम्हाला वाटत होतं की आम्ही डोंगरावरून कोसळलो. प्रत्यक्षात आम्ही रोज एकेक पायरी उतरत गेलो होतो. शरीराचा हिशेब शाळेच्या गणिताइतका सरळ नसतो, हे मान्य. पण रोज एक पायरी उतरणारा माणूस रोज एक पायरी चढूही शकतो, एवढं त्या भागाकारानं पटलं.

मग कुठल्या पायऱ्या, ते शोधलं. वलीम्याची बिर्याणी गुन्हेगार असेल असं वाटलं होतं, पण ती वर्षातून चार-सहा वेळा. खरे चोर घरातच निघाले. दुकानदार गिऱ्हाइकाबरोबर दिवसातून पाच वेळा गोड चहा घेत होते. नको म्हटलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल, ही भीती. मास्तरीण मुलांच्या ताटात उरलेलं उभ्या उभ्या संपवत होती. अन्न टाकायचं नाही ही शिकवण चांगलीच, पण मग मुलांना आधी कमी वाढायला हवं होतं. आणि आपली सोलापूरची शेंगाचटणी. भाकरी-चटणी म्हणजे साधं गरिबाचं जेवण, असं म्हणत आम्ही दोघं मिळून वाटीभर शेंगदाणे आणि वर तेल एका बैठकीत संपवत होतो.

नवीन सुरुवात करताना आम्ही पहिल्यासारखं सगळं एकदम बदललं नाही. कमी असलं तरी सातत्यानं केलेलं काम अल्लाहला अधिक प्रिय असतं, या अर्थाची हदीस मास्तरीण वर्गात कितीदा सांगत आली आहे. ती घरात लावायची ठरवली. तीन गोष्टी ठरल्या. बाहेरचा चहा दिवसातून एकदाच, बाकी वेळा हातात पाण्याचा ग्लास घेऊन गिऱ्हाइकाशी गप्पा. चटणी एक चमचा, ताटात वाढून. बरणी दस्तरखानावर आणायची नाही. आणि चालणं रोज वीस मिनिटं, जमेल त्या वेळी. पाऊण तास जमला तर चांगलंच, पण वीस मिनिटांची हजेरी लागली की दिवस भरला.

हजेरी हा शब्द इथं खरोखरच आला. शाळेतल्या हजेरीपटासारखी एक वही केली. पहिल्या पानावर तीन नावं, दोघांची आणि अम्मींची. अम्मींचीही चालण्याची हजेरी. त्या दिवसांत त्या वॉकरवर खोलीच्या दारापर्यंत जात होत्या. काल वीस पावलं झाली आणि आज बाराच, म्हणून त्या रडवेल्या झाल्या की आम्ही दोघं म्हणायचो, “अम्मी, बारह बी बहुत है. कल देखेंगे.” एकदा त्यांनी उलट विचारलं, “मेरेकू बारह बहुत है बोलते, और तुमकू सब का सब एकदम होना?” आमच्याकडे उत्तर नव्हतं.

हजेरीपटाचा एक नियम प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असतो. मूल चार दिवस आलं नाही तर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते, पण नाव खोडत नाहीत. आठ दिवस आलं नाही तर घरी निरोप जातो. आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर एक रकाना आखला: ‘परतायला किती दिवस लागले?’ वजनाचा आकडा आपल्या हातात पूर्णपणे नसतो. लग्नं, आजारपणं, निवडणुका तर नसतातच. घसरल्यावर किती दिवसांनी परत उभं राहायचं, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं. म्हणून आम्ही तेच मोजायचं ठरवलं.

पहिली नोंद मागच्या वर्षाची घातली: सहा महिने. मग डिसेंबरात घरातलं एक लग्न आणि थंडी. परतायला 19 दिवस लागले.

2025 च्या रमजानची तयारी आम्ही जानेवारीतच केली, कारण मागच्या वेळी तिथेच पाय घसरला होता. मधुमेह असलेल्यानं रोजे सुरू होण्याच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावं, म्हणजे गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलून घेता येतात. हे वाचकांपैकी ज्यांच्या घरी शुगर आहे त्यांना कळकळीनं सांगतो. साखर 70 च्या खाली गेली किंवा 300 च्या वर गेली, तर रोजा सोडावा असं डॉक्टर सांगतात; त्यासाठी घरी साखर तपासायचं यंत्र हवं. बोटातून थेंबभर रक्त काढल्यानं रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमांचं म्हणणं आहे. मनात शंका असेल तर आपल्या मशिदीतल्या आलिमांना विचारून घ्या, पण तपासणं टाळू नका. आणि आमच्या दुकानदारांसारखी गोळी स्वतःच्या मनानं कधीही बंद करू नका.

इफ्तारीही बदलली. खजूर, पाणी, एखादं फळ. मग मगरिबची नमाज. आणि नमाजनंतर सरळ जेवण, भाकरी, डाळ किंवा सालन, कचुंबर. तळण फक्त जुम्म्याला. शेजारून येणाऱ्या ताटल्या परत करताना आम्ही फळं घालायला लागलो. पहिल्या आठवड्यात वाटलं, लोक कंजूष म्हणतील. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या घरातून आलेल्या ताटलीतही टरबूज होतं. सहरीला अंडं, दही, भाकरी. तरावीहनंतर गल्लीतून वीस मिनिटं, सोबत थोरली मुलगी. महिना संपला तेव्हा वजन कमी झालेलं नव्हतं. पण वाढलंही नव्हतं, आणि आमच्या आयुष्यातला असा तो पहिलाच रमजान.

ईदच्या दिवशी शिरखुर्मा पोटभर खाल्ला. हे मुद्दाम लिहितो, कारण ईदला शिरखुर्म्याची वाटी नाकारणारा माणूस आम्हाला व्हायचं नाही. त्या घसरणीतून परतायला नऊ दिवस लागले. जूनमध्ये बकरीद, पाच दिवस. जुलैमध्ये घरात सगळ्यांना ताप आला, आठवडाभर कुणी बाहेर पडलं नाही. ताप उतरल्यावर चार दिवसांनी वहीत परत हजेरी लागली.

नवरा-बायकोंनी एकत्र हे काम करायचं तर एक धोका सांगायला हवा. एकाचं वजन भराभर उतरतं, दुसऱ्याचं उतरत नाही. दुकानदार भाकरी अर्धी कमी करतात आणि महिन्यात दोन किलो जातात. मास्तरीण तेच करते आणि काटा ढिम्म. शरीराचं आकारमान वेगळं, स्नायू वेगळे, चाळिशीनंतर बाईच्या अंगात होणारे बदल वेगळे. सुरुवातीला यावरून आमच्यात अबोलाही झाला. मग एक शिंप्याची टेप आणली. कंबरेचा घेर बाईचा 80 सेंटिमीटरच्या आत आणि पुरुषाचा 90 च्या आत असावा, असं आपल्या लोकांसाठी डॉक्टर सांगतात. दोघंही अजून त्याच्या बरेच बाहेर आहोत. पण काटा हलत नाही त्या महिन्यात टेप एखादा सेंटिमीटर सरकते आणि मास्तरणीचा मूड बरा राहतो.

आज दुकानदार 86 आहेत आणि मास्तरीण 76. म्हणजे 2024 च्या फेब्रुवारीपेक्षा दोघंही अजून तीन-तीन किलोंनी जास्त. साखर 6.9 आणि 5.8. शाळेतल्या एका बाईंनी परवा विचारलं, “मॅडम, पूर्वी अजून बारीक होता ना?” मागच्या वर्षी या प्रश्नानं रडू आलं असतं. मास्तरीण म्हणाली, “हो, मधे परत वाढलं होतं. आता पुन्हा उतरवतोय.” त्या बाई जरा थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “माझंही वाढलंय हो. म्हणूनच मी दोन वर्षं तपासलंच नाही.” दुसऱ्या दिवशी त्या तपासायला गेल्या. आम्ही लपून बसलो होतो तेव्हा आमच्यासारखी कितीतरी माणसं आजूबाजूला लपून बसली होती, आणि आम्हाला वाटत होतं की आम्ही एकटेच आहोत.

वाचकहो, तुमच्याही दिवाणाखाली असा एखादा काटा असेल, कपाटात न उघडलेला रिपोर्ट असेल. ‘आधी थोडं उतरवू, मग जाऊ’ असं म्हणू नका. आहे त्या वजनासकट जा. आणि मधुमेह असेल तर आज रात्री एकदा आपले तळपाय उजेडात नीट पाहा. वाकता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी दाखवा.

आमचा काटा आता स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवला आहे. अम्मी वॉकर सोडून काठीवर आल्या आहेत. अंगणाच्या फाटकापर्यंत जातात आणि येतात. काल संध्याकाळी परत येऊन त्या दारात थांबल्या, काठीनं काट्यावर ठक् असा आवाज केला आणि म्हणाल्या, “मेरी हाजरी लिखो.”

आम्ही लिहिली.